शरीफ : एका नावाची वंशावळ

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात बखर वाङ्मयाचा तास चालू होता. मालोजीराजे भोसले यांना मूल होत नव्हते, अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरास नवस बोलला गेला आणि पुढे झालेल्या दोन पुत्रांची नावे पीराच्या नावावरून शहाजी व शरीफजी अशी ठेवण्यात आली, ही परंपरागत कथा आम्ही एका वाक्यात उरकली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तेवढ्यात मागच्या बाकांवर हसू फुटले. वर्गात शरीफ नावाचा एक विद्यार्थी होता. शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले होते. तास संपल्यावर तो आमच्याकडे आला. आपले घराणे पिंजाऱ्यांचे, आजोबा गावोगाव कापूस पिंजत हिंडत, आणि आपले नावही दर्ग्यावर बोललेल्या नवसाचेच आहे, असे त्याने सांगितले. मग विचारले, "सर, शरीफजींचे पुढे काय झाले?" भातवडीच्या लढाईत ते पडले, असे आम्ही म्हणालो. "आणि नावाचे?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. साहित्याच्या अध्यापकाने ज्या गोष्टीकडे प्रथम पाहावे तो शब्दच आम्ही ओलांडून गेलो होतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिराने घेतलेला शोध होय.

अरबी भाषेची शब्दघडण मोठी शिस्तीची आहे. तीन व्यंजनांचा सांगाडा घ्यावयाचा आणि ठरावीक साच्यांतून तो ओतावयाचा, की एकाच मुळापासून शब्दांचे गोत उभे राहते. आपल्या नावाचा सांगाडा श-र-फ असा आहे. त्याचा आरंभीचा अर्थ अगदी भौतिक आहे : उंचवटा, भोवतालच्या जमिनीहून वर आलेली जागा. आजच्या अरबीत घराच्या सज्जाला 'शुर्फा' म्हणतात तो याच मुळातला शब्द. उंच जागेवरून उंच कुळावर जाणे कोणत्याच भाषेला अवघड नसते. आपल्याकडेही कुळे 'उच्च' असतात. 'शरफ' म्हणजे थोरवी, कुलीनता. आणि ती ज्याच्या ठायी आहे तो 'शरीफ'.

हा साचा मराठी वाचकाला अनोळखी नाही. वजीर, वकील, हकीम, अमीर, नसीब, गरीब, फकीर हे आपल्या रोजच्या व्यवहारातले शब्द शरीफच्याच साच्यातून निघाले आहेत. एकाच साच्यातून वजीरही निघावा आणि फकीरही निघावा, ही व्याकरणाची समदृष्टी आम्हांला नेहमीच लोभस वाटत आली आहे. त्याच सांगाड्याला दुसरा साचा लावला की 'तशरीफ' होतो, म्हणजे सन्मानित करणे. तहसील, तालीम, तपशील यांचा साचा तोच. 'अश्रफ' म्हणजे अधिक थोर किंवा सर्वांत थोर. त्यातला दुसरा स्वर लांबवून 'अश्राफ' म्हटले तर ते शरीफचे अनेकवचन. ज्याला थोरवी बहाल झाली तो 'मुशर्रफ'. यातले जवळजवळ सगळे शब्द पुढे माणसांची नावे झाले.

आता प्रश्न असा की ही थोरवी येते कोठून? नवव्या शतकात बगदादमध्ये इब्न अस्-सिक्कीत नावाचा एक भाषापंडित होऊन गेला. समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद दाखवण्यात त्याचा हातखंडा. त्याने केलेला एक भेद पुढे 'लिसान अल्-अरब' या तेराव्या शतकातील महाकोशाने जपून ठेवला. त्याचा आशय असा की 'शरफ' ही वस्तू वाडवडिलांवाचून संभवत नाही. याउलट 'करम', म्हणजे मनाचा मोठेपणा, एखाद्याच्या पूर्वजांना काहीही प्रतिष्ठा नसली तरी त्याच्या अंगी असू शकतो. कोशकाराने किती सहज ही रेघ ओढली आहे! करीम होता येते, शरीफ मात्र जन्मावे लागते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कुराणात 'करीम' हा शब्द वारंवार येतो. श-र-फ या मुळाचा शब्द एकदाही येत नाही. माणसांत ईश्वराजवळ सर्वांत थोर कोण, हे एकोणपन्नासाव्या अध्यायात सांगितले आहे ते करमच्याच शब्दांत, आणि निकष दिला आहे तो ईश्वरनिष्ठेचा. असे असूनही मुस्लिम समाजात 'शरीफ' ही पदवी झाली आणि तिच्या नोंदवह्या निघाल्या. धर्मग्रंथ एक सांगतो आणि समाज आपल्या सवयीने चालतो, हे आपल्याकडच्या अभ्यासकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीतील प्रतिष्ठित घराण्यांच्या प्रमुखांना 'अश्राफ' म्हणत. पुढे अब्बासी खिलाफतीत हा शब्द हळूहळू आक्रसत जाऊन प्रेषितांच्या कुळाशी जोडला गेला. फातिमी काळातील इजिप्तमध्ये तो हसन आणि हुसेन यांच्या वंशजांपुरता उरला, अशी नोंद सुयूतीने केली आहे. हिजाझमध्ये आणखी बारीक भेद झाला : हसनचे वंशज ते शरीफ, हुसेनचे ते सय्यद. जेथे जन्माने मान मिळतो तेथे जन्माचा हिशेब ठेवणारा लागतोच. तो अधिकारी म्हणजे 'नकीब'. या कुळातील जन्ममृत्यूंची नोंद ठेवणे, सोयरीक कुळाला शोभेल अशीच होते की नाही हे पाहणे, खोटे दावेदार हुडकून काढणे, ही त्याची कामे अकराव्या शतकात मावर्दीने आपल्या राज्यव्यवहारावरील ग्रंथात नमूद केली आहेत. भाटांच्या वह्या आणि पंड्यांची बाडे पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही.

गंमत अशी की या नकिबांपैकी जो साहित्याच्या इतिहासात अजरामर झाला, त्यानेच कुळाचा हिशेब एकदा जाहीरपणे बाजूला ठेवला. अश्-शरीफ अर्-रदी (९७०-१०१५) हा बगदादचा मोठा कवी. त्याचे खरे नाव मुहम्मद. शरीफ ही पदवी. अली यांची प्रवचने व पत्रे यांचा 'नहज अल्-बलागा' हा संग्रह त्यानेच सिद्ध केला. त्याचा एक वडीलधारा मित्र होता, अबू इसहाक अस्-साबी. हा दरबाराचा नामांकित लेखनिक आणि गद्यकार, पण धर्माने साबी. हर्रानच्या प्राचीन पंथाचा. अखेरपर्यंत त्याने इस्लाम स्वीकारला नाही. ९९४ साली तो वारला तेव्हा रदीने त्याच्यावर विलापिका रचली. प्रेषितांच्या वंशजाने परधर्मीयासाठी शोक करावा, यावर लोकांनी बोट ठेवले. मी त्याच्या गुणांसाठी रडलो, अशा अर्थाचे उत्तर रदीने दिल्याचे चरित्रकार सांगतात. कोशातील शरफ आणि माणसातील गुण यांची गाठ पदवीधारक शरीफानेच अशी सोडवून दाखवली. बगदादच्या त्या शतकाविषयी बरेच काही सांगून जाणारा हा प्रसंग आहे, आणि विलापिका या काव्यप्रकाराविषयीही. मृताचे गोत्र विचारून शोक करणाऱ्या कवितेला वाङ्मयात फार काळ जागा मिळत नाही.

पदवीबरोबर सवलती आल्या की दावेदार वाढतात. १३७१-७२च्या सुमारास कैरोच्या मम्लूक सुलतानाने शरीफांनी पागोट्यावर हिरवी खूण धारण करावी असा हुकूम काढला. हिरव्या पागोट्याची प्रथा पुढे रूढ झाली. पुढे उस्मानी अमलात शरीफांना काही करांची माफी असे, परिणामी सतराव्या-अठराव्या शतकांत सीरियातील शहरांतून शरीफांची संख्या एकाएकी फुगली. जुने शरीफ नव्या शरीफांकडे कसे पाहत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हिरव्या खुणेचा हुकूम काढणाऱ्या त्या सुलतानाचे बिरुद 'अल्-अश्रफ' असे होते. सर्वांत थोर! आणि घराणे कोणाचे? मम्लूक या शब्दाचाच अर्थ मुळी 'मालकीचा', विकत घेतलेला. त्याचा पणजा कलाऊन हा बाजारात विकत आणलेला तुर्की गुलाम होता. त्या हुकुमानंतर सुमारे अर्ध्या शतकाने याच गादीवर बसलेला बर्सबाय तर स्वतःच गुलाम म्हणून विकला गेलेला सर्केशियन. १४२२ साली तो सुलतान झाला, त्यानेही 'अल्-अश्रफ' हेच बिरुद घेतले, आणि १४२५ साली व्हेनिसच्या डुकाटशी स्पर्धा करण्यासाठी सुमारे साडेतीन ग्रॅमचे नवे सोन्याचे नाणे पाडले. त्या नाण्याला त्याच्या बिरुदावरून 'अश्रफी' म्हणू लागले. हाच शब्द इराणमार्गे हिंदुस्थानात आला आणि आपल्या कथाकादंबऱ्यांतील अशर्फ्यांच्या थैल्या त्यातून खुळखुळू लागल्या. कुलीनतेचा सर्वोच्च दर्जा सांगणारे विशेषण एका गुलामाच्या नाण्यावरून जगभर फिरले, हे पाहून इब्न अस्-सिक्कीत काय म्हणाला असता कोण जाणे.

मक्केच्या शरीफांचा इतिहास राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत भरपूर सापडतो, म्हणून येथे विस्तार करीत नाही. दहाव्या शतकापासून १९२५पर्यंत त्या नगरीची सत्ता या कुळाकडे होती. शेवटच्या पर्वातील शरीफ हुसेन याने १९१६ साली उस्मानी सत्तेविरुद्ध अरबांचे बंड उभारले. त्याच्या एका मुलाचे वंशज आजही जॉर्डनच्या सिंहासनावर आहेत. मोरोक्कोत तर आठव्या शतकातील इद्रिसींपासून आजच्या अलवी राजघराण्यापर्यंत शरीफपणा हाच राज्याधिकाराचा एक आधार राहिला, इतका की तेथील राष्ट्रगीतालाही 'शरीफी गीत' म्हणतात. इद्रिसींच्याच वंशातला अश्-शरीफ अल्-इद्रिसी हा भूगोलवेत्ता मात्र सिसिलीतील ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याच्या पदरी राहिला आणि ११५४ साली त्याने मध्ययुगातील एक थोर भूगोलग्रंथ तेथेच पुरा केला. पूर्वेकडे व्यापारी आणि धर्मोपदेशक यांच्याबरोबर ही पदवी जहाजात बसून जावा, बोर्निओ, फिलिपाईन्सपर्यंत गेली.

पदवीचे नाव केव्हा झाले, याची तारीख देता येत नाही, पण प्रक्रिया दिसते. पदवी असताना शब्दापुढे 'अल्' हे निश्चितार्थी उपपद असे आणि तो व्यक्तिनामाच्या आधी येई : अश्-शरीफ मुहम्मद. तुर्की, फारसी, उर्दू या भाषांना 'अल्'ची गरज नव्हती. तेथे मुलाच्या नावाला जोड म्हणून हा शब्द मागे लागला : मुहम्मद शरीफ, अहमद शरीफ. जागा बदलली आणि अर्थही बदलला, असे आम्हांला वाटते. पुढे लागलेला शरीफ हा दावा होता, मागे लागलेला शरीफ ही आईबापांची इच्छा आहे. दाव्याला कागदपत्रे लागतात. इच्छेला लागत नाहीत. म्हणूनच नाव म्हणून तो वाटेल त्या घरात जाऊ शकला. इजिप्तचा तीन वेळा पंतप्रधान झालेला आणि सुदान सोडण्याच्या प्रश्नावर १८८४ साली राजीनामा देणारा मुहम्मद शरीफ पाशा मूळचा तुर्क होता. कैरोतील एक प्रमुख रस्ता आज त्याच्या नावाने ओळखला जातो. तुर्कस्तानात आणि बोस्नियात शेरीफ, फ्रेंच वर्णलेखनामुळे अल्जीरिया-सेनेगलकडे शेरिफ, इंडोनेशियात स्यारिफ, बांगलादेशात शरीफुल, मुलीसाठी शरीफा. उच्चार बदलत गेला. (जाता जाता एक खुलासा. मुंबईच्या 'शेरिफ' पदाचा, ज्याला आपण नगरपाल म्हणतो, या शब्दाशी काहीही संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतील परगण्याच्या कारभाऱ्यापासून आला आहे. उत्तरपत्रिकांतून हा घोटाळा आम्ही वाचला आहे.)

या नावाला जगभर चेहरा दिला तो मात्र जन्माने मुसलमानही नसलेल्या एका नटाने. १९३२ साली अलेक्झांड्रियात एका सीरियन-लेबनानी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबात मिशेल शल्हूब जन्मला. १९५४ साली यूसुफ शाहीन या दिग्दर्शकाच्या चित्रपटातून तो पडद्यावर आला तो उमर शरीफ या नावाने. पुढच्याच वर्षी त्याने सहनायिका फातिन हमामा हिच्याशी विवाह केला आणि इस्लाम स्वीकारला. पण नाव निवडताना त्याच्यापुढे कुळ नव्हते, नोंदवही नव्हती. होता तो श्रोत्यांच्या जिभेवर सहज रुळेल आणि भला वाटेल असा एक शब्द. १९६२ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आला. शरीफ हुसेनच्या बंडाच्याच त्या कथेत उमर शरीफला भूमिका मिळाली ती शरीफ अली या वाळवंटातील सरदाराची. भूमिकेतला शरीफ म्हणजे वंशाची पदवी, आणि नटाचा शरीफ म्हणजे स्वतः निवडलेले टोपणनाव. एका पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी उभे राहिले आणि प्रेक्षकांना लक्षात राहिला तो दुसरा. २०१५ साली कैरोत त्याचे निधन झाले तेव्हा त्याचे जन्मनाव मृत्युलेखांत आठवण करून द्यावे लागले.

हिंदुस्थानात या शब्दाची कहाणी तितकीशी निरागस नाही. येथे 'अश्राफ' हा एक सामाजिक थर झाला. अरबस्तान, इराण, मध्य आशिया यांतून आलेल्या पूर्वजांचा दावा सांगणारे सय्यद, शेख, मोगल, पठाण ते अश्राफ. धर्मांतरित कारागीर आणि कष्टकरी जाती त्या 'अज्लाफ' आणि त्यांच्याही खाली 'अर्जल'. १९०१च्या जनगणनेतील बंगालच्या अहवालात आलेली ही उतरंड डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फाळणीविषयीच्या आपल्या ग्रंथात मुद्दाम उद्धृत केली. पिंजारी, मोमीन, कसाई, बागवान या आपल्या गावांतील लोकांची घरे या वर्गवारीत कोठे बसतात हे वेगळे सांगावयास नको. पिंजाऱ्याच्या मुलाचे नाव शरीफ असणे ही म्हणून लहान गोष्ट नाही. त्या घराने नवस बोलताना सामाजिक विधान केले होते असे आमचे म्हणणे नाही. पण जो शब्द त्यांना वगळण्यासाठी वापरला गेला तोच त्यांनी मुलाला हाक मारण्यासाठी घेतला, ही वस्तुस्थिती राहतेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्दू साहित्यातही हा शब्द हलू लागला. दरबार गेले, जहागिऱ्या गेल्या, तेव्हा 'शरीफ' कोणाला म्हणावे हा प्रश्न मध्यमवर्गापुढे उभा राहिला. 'उमराव जान अदा'चे लेखक मिर्झा रुसवा यांनी १९००च्या सुमारास 'शरीफजादा' नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायक शिकतो, अंगमेहनतीची लाज धरत नाही आणि स्वकष्टाने वर येतो. कादंबरी म्हणून ती 'उमराव जान'च्या जवळपासही जात नाही, हे आमचे मत आहे. पण शब्दाच्या चरित्रात तिचे स्थान मोठे आहे. हिंदी चित्रपटांतून आपल्या कानी पडणारी 'शराफत' आणि 'शरीफ आदमी' याच वळणानंतरचे. तेथे शरीफ म्हणजे सरळ, भांडणतंट्यात न पडणारा, प्रसंगी थोडा बावळटही. नावाचे आडनाव होणे हा पुढचा टप्पा : पाकिस्तानचे नवाज शरीफ यांच्या नावातील शरीफ हे मुळात त्यांच्या वडिलांचे नाव. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांची सत्ता उलथवणाऱ्या सेनाधिकाऱ्याचे नाव मुशर्रफ असावे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा विनोद त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

आता दख्खनकडे वळू. शाह शरीफांकडे मालोजींचे घराणे गेले ते नवसासाठी. नवसाच्या मुलाला देवाचे किंवा पीराचे नाव द्यावे हा आपला रिवाज. पिराजी, फकिरा ही नावे त्यातूनच आली. शिवाय निजामशाही-आदिलशाहीच्या चाकरीत मराठा घराण्यांनी अरबी-फारसी शब्द नावांत बेलाशक घेतले. सुलतानजी, दौलतराव, फत्तेसिंह ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीचा सोहळा ज्यांनी लावून दिला त्या हैबतबाबांच्या नावातील 'हैबत' अरबीच आहे, आणि वारकऱ्यांच्या मुखी ते कधी परके वाटले नाही. पीराचे नाव मात्र दोघा भावांत विभागून देणे हा प्रकार दुर्मीळ. शाह शरीफ या एका नावाचे दोन तुकडे झाले, दोघांना 'जी' हा मराठी प्रत्यय लागला, आणि थोरल्याच्या वाट्याला राजेपण सांगणारा फारसी शब्द आला, धाकट्याच्या वाट्याला कुलीनता सांगणारा अरबी.

धाकटा अल्पायुषी ठरला. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हे युद्ध सविस्तर आले आहे. निजामशाहीच्या बाजूने लढताना शरीफजी तेथे पडले. सेनापती मलिक अंबर हा लहानपणी हबसाणातून विकला गेलेला गुलाम, आणि त्याच्या झेंड्याखाली मरण आले ते शरीफ नावाच्या मराठा सरदाराला. आमच्या क्रमिक पुस्तकांतून शरीफजींचा उल्लेख येथे संपतो. आमच्या अध्यापनातही तो येथेच संपत असे.

नाव मात्र संपले नव्हते. ते दक्षिणेत गेले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तथा एकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापिले. त्यांनी थोरल्या मुलाचे नाव शहाजी ठेवले आणि दुसऱ्याचे सरफोजी. आजोबांचे नाव थोरल्या नातवाला, तर रणात पडलेल्या चुलत आजोबांचे धाकट्याला : भावांची ती जुनी जोडी दोन पिढ्यांनंतर कावेरीकाठी पुन्हा उभी राहिली. शरीफजीचे सरफोजी झाले ते बोलण्याच्या ओघात. पण पुढे जे घडले ते अधिक रोचक आहे. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या सर्वांना एकच अक्षर. स आणि श यांतही भेद राहत नाही. तमिळमध्ये लिहिलेले हे नाव 'सरफोजी' असेही वाचता येते आणि 'शरभोजी' असेही. शरभ म्हणजे शिवाचे उग्र रूप. कुंभकोणम्‌नजीक त्रिभुवनम्‌च्या मंदिरात त्याची उपासना आजही चालते. शैव तंजावरात संस्कृत पंडितांना आणखी काय हवे होते? नगरच्या पीराचे नाव शरभ होऊन 'शरभेंद्र' झाले. 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नृत्यनाट्य याच घराण्यातील राजाच्या गौरवार्थ रचलेले आहे. यात कोणी काही लपवले असे म्हणण्यापेक्षा लिपीने वाट काढून दिली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. तथापि फळ एकच : वाचणाऱ्याला मूळ शब्द दिसेनासा झाला.

आणि तरी जन्माचा प्रश्न काही या नावाची पाठ सोडीना. पहिल्या सरफोजीच्या पश्चात, १७३०च्या दशकात, त्याचा औरस पुत्र म्हणवणारा एक दावेदार उभा राहिला. काट्टुराजा म्हणून तो ओळखला जातो. खरा की तोतया, या वादात तंजावर काही वर्षे होरपळले. दुसरा सरफोजी (१७७७-१८३२) तर दत्तकच होता. १७८७ साली मरणासन्न तुळजाजीराजांनी त्याला मांडीवर घेतले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी हरकत घेतली. मुलाचे वय अधिक आहे, तो जनक पित्याचा एकुलता एक आहे, नाते पुरेसे जवळचे नाही, असे आक्षेप निघाले. पंडितांची मते मागवली गेली, दत्तक अशास्त्र ठरला आणि कंपनीने अमरसिंहांना गादी दिली. दहा वर्षांनी पुन्हा मते मागवली, तीच पोथी उलट बाजूने वाचली गेली आणि १७९८ साली सरफोजी राजा झाला. पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला व राजाकडे राहिला तो किल्ला आणि तैनात. बगदादच्या नकिबाची वही असो की तंजावरच्या पंडितांचा निर्णय, राज्य कोणाचे हे शेवटी दुसरेच कोणी ठरवीत होते.

राज्य नसलेल्या या राजाने ग्रंथ जमवले. सरस्वती महालातील हजारो हस्तलिखितांत मराठीचीच तीन हजारांच्या आसपास आहेत. काशीयात्रेला गेला तेथूनही त्याने पोथ्या आणवल्या. किल्ल्यात त्याने देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली तेथून इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' छापून बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा तास घेताना आम्ही हे पुस्तक दरवर्षी सांगत होतो आणि छापवणाऱ्या राजाचे नाव दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. ते शरीफजींचे नाव आहे हे कधी उच्चारले नव्हते. १८०३ साली याच राजाने बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. दत्तक म्हणून ज्याच्या कुळावर शंका घेतली गेली, त्याने कुळाची सारी हकीकत दगडावर लिहवावी, हे समजण्यासारखे आहे.

आमचा तो विद्यार्थी आता एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. हे सारे टिपण आम्ही त्याला पाठवले. चार दिवसांनी त्याचे उत्तर आले. बगदाद, कैरो, उमर शरीफ यांविषयी त्यात काही नव्हते. त्याला एवढेच हवे होते, की ते तमिळ अक्षरांतले नाव कागदावर काढून पाठवाल का. वर्गात मुलांना दाखवायचे आहे.